पिंपाच्या मागोमाग दोरू नदीकाठी

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या घरी पाणी साठवण्यासाठी जे पिंप असते, त्याचे नाव आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आले. पोर्तुगालमध्ये ‘पिपा’ म्हणजे वाइनचे लाकडी पिंप. उत्तर पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यात सुमारे ५५० लिटरचे हे पिंप व्यापाराचे मापच होऊन बसले. युरोपची सहल आखताना या पिंपाच्या मागोमाग जावे, द्राक्षमळ्यापासून समुद्राजवळच्या वखारीपर्यंत ते ज्या वाटेने गेले त्याच वाटेने आपणही जावे, असे मला आज आपल्याला सुचवायचे आहे.

आपल्याकडचे बहुतेक प्रवासी पंधरा दिवसांत चार-पाच देश उरकतात, आणि परतल्यावर कोणता चौक कोणत्या शहरातला हे आठवत नाही. त्यापेक्षा आठ-नऊ दिवस एकाच खोऱ्याला द्यावेत. पोर्तो शहरात उतरल्यावर पहिली रात्र विश्रांतीची धरावी आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने थेट पिन्यांव या लहानशा गावी जावे. बरेच पर्यटक पोर्तोतच वाइन चाखतात आणि खोऱ्याकडे एका दिवसाची धावती फेरी मारतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. सुमारे अडीच तासांच्या या रेल्वेप्रवासात उजव्या बाजूची खिडकी मिळवावी, कारण निम्मी वाट सरल्यावर रूळ नदीला येऊन भिडतात आणि पुढे पाणी जवळजवळ फलाटाच्या उंबऱ्याशी वाहत राहते.

नाशिककडचे मांडवावर चढवलेले द्राक्षवेल पाहिलेल्या श्रोत्यांना इथली शेती चकित करील. इथे सपाट जमीन जवळपास नाहीच. पापुद्र्यांसारखा सुटणारा काळपट खडक फोडून, त्याच दगडांचे बांध रचून, उभ्या डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या पायऱ्या घडवल्या गेल्या आणि त्या खडकाच्या भेगांमध्ये मुळे खोल उतरवून वेल जगतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा नावाच्या किडीने या वेलांची मुळे खाऊन टाकली. तेव्हा ओस पडलेल्या काही पायऱ्या आजही तशाच आहेत. त्यांना तिथले लोक ‘मोर्तोरियु’ म्हणतात, आणि त्यांतल्या पुष्कळ पायऱ्यांवर आता ऑलिव्हची झाडे उभी आहेत. या मानवनिर्मित भूदृश्याला युनेस्कोने २००१ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला.

या खोऱ्याचा इतिहास कायद्याच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. इंग्लंडमध्ये मागणी वाढली तशी भेसळ वाढली. हलक्या वाइनला गडद रंग यावा म्हणून एल्डरबेरीची फळे मिसळली जाऊ लागली. तेव्हा पोंबालचा मार्क्विस या मंत्र्याने १७५६ साली व्यापारावर नियंत्रण ठेवणारी कंपनी स्थापन करून या प्रदेशाच्या सीमा आखायला घेतल्या, त्या सीमांवर ग्रॅनाइटचे खांब रोवले गेले आणि एल्डरबेरीची झुडपे उपटून टाकण्याचे हुकूम निघाले. कायद्याने सीमा आखलेल्या जगातल्या पहिल्या काही वाइन प्रदेशांत दोरूची गणना होते. गोव्यात ‘पोर्ट’ या नावाने विकली जाणारी गोड तांबडी वाइन अनेकांनी पाहिली असेल. युरोपीय कायद्यानुसार मात्र हे नाव याच खोऱ्यातल्या वाइनला लावता येते.

शक्य असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध निवडावा, कारण तेव्हा द्राक्षतोडणी चालू असते. काही मळ्यांत अजूनही ‘लागार’ नावाच्या दगडी हौदात द्राक्षे पायांनी तुडवली जातात. संध्याकाळी माणसे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून रांगेने हौदात उतरतात आणि ‘एक, दोन’ अशा तालावर, गुडघ्याच्याही वर आलेल्या जांभळ्या रसात, अगदी सावकाश पावले टाकत पुढे सरकतात. हे शिस्तीचे तुडवणे बराच वेळ चालते. मग ‘लिबर्दाद’, म्हणजे मोकळीक, पुकारली जाते, वाद्ये वाजू लागतात आणि त्याच हौदात नाच सुरू होतो. पायांनी बी फुटत नाही, त्यामुळे रसात कडवटपणा उतरत नाही. रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षांचे तीव्र मद्यार्क घालून आंबणे थांबवतात. पोर्टची गोडी त्यातच आहे. तोडणीच्या दिवसांत मुक्कामाच्या खोल्या महागतात आणि लवकर भरतात, म्हणून त्यांची नोंदणी काही महिने आधी करावी. जुलै-ऑगस्टचा कडक उन्हाळा मात्र टाळावा.

पोर्तुगालला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. वाइन चाखायची असेल तर गाडी चालवण्याचा विचार सोडून द्यावा; रस्ते अतिशय वळणाचे आहेत, आणि रेल्वे व होडी यांवर सगळे काम भागते. शाकाहारी श्रोत्यांनी ‘काल्दु व्हेर्द’ हे हिरव्या पानांचे आणि बटाट्याचे सूप मागताना त्यात सॉसेजची चकती घालू नका, असे आवर्जून सांगावे.

परतताना एक दिवस गिमारांइश या जुन्या गावासाठी काढावा. पोर्तुगालचे राज्य जिथे जन्मले असे मानतात ते हे गाव, आणि त्याच्या मध्ययुगीन गल्ल्या पायीच पाहाव्यात. पोर्तोत सांव बेंतो स्थानकाच्या दालनात झोर्झ कोलासू यांनी रंगवलेल्या सुमारे २०,००० निळ्या-पांढऱ्या फरशा आहेत. तिथे निवांत तासभर थांबावे.

शेवटची संध्याकाळ नदीपलीकडच्या ‘गाया’ या शहरासाठी राखून ठेवावी. १८८६ साली खुल्या झालेल्या दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून चालत जाताना खाली काठाला बांधलेल्या ‘राबेलो’ होड्या दिसतात. सपाट तळाच्या याच होड्यांतून, नदीवर धरणे होण्यापूर्वी, भरलेली पिंपे खडकाळ प्रवाहातून खाली येत. रिकाम्या होड्या बैलांकरवी काठावरून ओढत वर नेत. खोऱ्यातल्या उष्म्यापेक्षा समुद्राजवळची थंड, दमट हवा वाइन मुरायला मानवते, म्हणून वखारी इथे झाल्या. त्या अंधाऱ्या वखारीत रांगेने निजलेल्या पिंपांपैकी एकावर हात ठेवावा, आणि मग ‘टॉनी’चा, म्हणजे लाकडी पिंपात वीस वर्षे मुरलेल्या पोर्टचा, लहानसा पेला मागवावा. तिचा रंग तांबड्याचा तपकिरी झालेला असतो आणि वासात बदाम-अक्रोड असतात.

नमस्कार.