हिरवं धुकं

पडद्यावर दिसतोय तो ठिपक्यांचा ढग. १०,००० पेशी, फ्लो सायटोमीटर या पेशी मोजणाऱ्या यंत्रात लेझरसमोरून एकेक करून गेलेल्या. आडव्या अक्षावर पेशीतला डीएनए, उभ्या अक्षावर हिरवा उजेड. हा हिरवा उजेड फक्त विभाजन चालू असलेल्या पेशींनी द्यायला हवा. इथे मात्र अख्खा ढगच वर सरकलाय.

२४ तासांत दुप्पट होणाऱ्या पेशींना प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम तासभर लागतो. म्हणजे एका वेळी शंभरातल्या तीन-चारच पेशी त्या अवस्थेत सापडणार. १०,००० पेशींत तीन-चारशे. बाकीच्यांपैकी शंभरात दोन जरी खोट्या चमकल्या, तरी हा आकडा जवळपास दीडपट होतो. या धुक्याकडे काणाडोळा करता येत नाही, तो यामुळे.

आपण शोधतोय ती खूण हिस्टोन एच३ या प्रथिनावर असते. गुणसूत्रं घट्ट आवळली जातात, तेव्हा त्याच्या साखळीत दहाव्या जागी असलेल्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट चढतो. अँटिबॉडी नेमकी तिथे जाऊन बसते, आणि तिला जोडलेला रंग ४८८ नॅनोमीटरच्या लेझरखाली हिरवा चमकतो.

मग नको तिथला हिरवा येतो कुठून? बहुतेक जण लगेच अँटिबॉडीला दोष देतात, नवी मागवतात. त्याआधी दोन-तीन साध्या नळ्या चालवून बघायला हव्यात.

पहिली नळी काहीच न रंगवलेल्या पेशींची. पेशीतल्या फ्लॅविनसारख्या रेणूंना स्वतःचीच हिरवट चमक असते, आणि फॉर्मल्डिहाइडमध्ये पेशी रात्रभर राहिल्या तर ती आणखी वाढते. ही नळीच चमकत असेल, तर अँटिबॉडी बदलून काय होणार? फिक्सिंगची, म्हणजे फॉर्मल्डिहाइडने पेशी आहेत तशा स्थिर करण्याची, वेळ दहा-पंधरा मिनिटांवर आणावी, किंवा सरळ लाल लेझरवर चालणारा रंग घ्यावा. त्या भागात पेशीची स्वतःची चमक बरीच कमी असते.

दुसऱ्या नळीत सगळं असतं, फक्त एच३ची अँटिबॉडी नसते. डीएनए मोजण्यासाठी घातलेल्या प्रोपिडियम आयोडाइड या रंगाचा उजेड हिरव्या डिटेक्टरमध्ये किती सांडतो, ते इथे कळतं. ही नळी शांत आणि पूर्ण रंगवलेली मात्र धुरकट, असं असेल, तर अँटिबॉडी भलतीकडे चिकटते आहे. अशा वेळी ती निम्मी, पाव, अष्टमांश करत तपासावी. पेशी सर्वांत तेजस्वी दिसतात ते प्रमाण निवडू नये. खऱ्या आणि खोट्या चमकेत जास्तीत जास्त अंतर पडतं, ते निवडावं. धुण्याच्या बफरमध्ये बीएसए, म्हणजे अँटिबॉडीला भलतीकडे चिकटू न देणारं प्रथिन, हवंच.

मेलेल्या पेशी तर जवळपास कुठल्याही अँटिबॉडीला धरून बसतात. त्या ओळखायच्या तर फिक्सिंगला टिकणारा रंग आधीच द्यावा लागतो. फिक्स करून पेशींची पटलं सच्छिद्र केल्यावर प्रोपिडियम आयोडाइड सगळ्याच पेशींत शिरतं, मग जिवंत कोण आणि मेलेली कोण, हे ते सांगू शकत नाही.

आता ढगाचा आकार नीट बघा. तो उजवीकडे चढत जातो. विभाजनाच्या उंबरठ्यावरची पेशी मोठी असते, तिच्यात प्रथिनं जास्त, म्हणून खोटी चमकही जास्त. विभाजनातल्या पेशी वेगळ्या काढायला आडवी सरळ रेघ मारली, की या निरपराध पेशी मोजणीत येतात. रेघ ढगाच्या चढाला धरून तिरकी हवी. शिवाय एकमेकींना चिकटलेल्या दोन पेशी यंत्राला दुप्पट डीएनएची एकच पेशी वाटतात, आणि दोघींचं धुकंही एकत्र मोजलं जातं. सिग्नलचं क्षेत्रफळ आणि रुंदी शेजारी मांडली, की या जोड्या वेगळ्या काढता येतात. तेही सर्वांत आधी करावं.

शेवटची नळी नोकोडाझोल दिलेली. या औषधाने पेशी विभाजनाच्या मध्येच अडकतात. बघा, दुप्पट डीएनएच्या रेषेवर, ढगापासून सुटं, एक घट्ट बेट उभं राहिलंय. आपल्या मूळ नळीतल्या तीन-चारशे पेशी शोधायच्या त्या इथेच.