आदिवासी शिक्षणाचा पैसा : किती, कसा आणि कोणाच्या हाती

मित्रहो, आदिवासींच्या शिक्षणाचा विषय निघाला की चर्चा लगेच अनास्थेकडे, गळतीकडे आणि पालकांच्या अज्ञानाकडे वळते. आजच्या व्याख्यानात मी हिशेबाकडे वळणार आहे. शाळेसाठी पैसा कोणत्या कायद्याने येतो, त्याची रक्कम कोण ठरवतो, तो दरवर्षी नव्याने मागावा लागतो का, आणि तो खर्च झाल्यावर यश कोण मोजतो, या चार प्रश्नांची उत्तरे पाहिली की मुलांच्या प्रगतीविषयी पुष्कळ काही आधीच कळते, असे माझे मत आहे. त्यासाठी मी प्रामुख्याने कॅनडाचे उदाहरण घेतो, कारण तिथे ही यंत्रणा आणि तिचे परिणाम दोन्ही विलक्षण स्पष्ट दिसतात.

कॅनडाच्या १८६७ च्या घटनात्मक कायद्याने शिक्षण हा प्रांतांचा विषय केला. मात्र आदिवासी आणि त्यांच्यासाठी राखून ठेवलेल्या जमिनी केंद्राकडे दिल्या. त्यामुळे गावाच्या एका बाजूच्या शाळेला प्रांताच्या कायद्यानुसार अनुदान मिळते, तर शेजारच्या राखीव वस्तीतील शाळा केंद्रातल्या एका खात्याच्या वार्षिक तरतुदीवर अवलंबून राहते. प्रांताने शिक्षकांचे वेतन वाढवले तर त्याचा भार पेलण्याची सोय प्रांताच्या सूत्रातच असते. २०१९ पर्यंत राखीव वस्तीतील शाळेकडे तशी सोय नव्हती. परिणामी चांगला शिक्षक मिळाला तरी तो टिकत नसे. केंद्राचे जुने सूत्र १९८० च्या दशकात बेतलेले होते आणि काळ बदलला तरी ते जागचे हलले नाही.

त्यातच १९९६ मध्ये केंद्राने या समाजांसाठीच्या मूलभूत कार्यक्रमांच्या वार्षिक वाढीवर २ टक्क्यांची मर्यादा घातली. ही मर्यादा तात्पुरती असेल असे सांगितले गेले आणि ती वीस वर्षे टिकली. गणित करून पाहा : दरसाल २ टक्के या दराने वीस वर्षांत रक्कम सुमारे ४९ टक्क्यांनी वाढते. त्या काळातील महागाईने यातला बहुतेक हिस्सा गिळला आणि लोकसंख्या मात्र देशाच्या सरासरीहून बऱ्याच वेगाने वाढत राहिली. म्हणजे ताळेबंदात वाढ दिसत असताना दर मुलामागचा खरा खर्च घटत होता. कोणीही कपातीचा आदेश काढला नाही. कपात सूत्राने केली, आणि सूत्राविरुद्ध मोर्चा काढणे फार अवघड असते.

तरीही असा मोर्चा निघाला, आणि तो शाळकरी मुलांनी काढला. आँटॅरिओ प्रांताच्या उत्तरेला जेम्स उपसागराजवळ अटावापिस्कॅट ही क्री या आदिवासी समाजाची वस्ती आहे. तिथल्या शाळेखाली १९७९ मध्ये डिझेलची गळती झाली, जमीन दूषित झाली आणि अखेर २००० मध्ये शाळेची इमारत बंद करावी लागली. त्यानंतर मुले वर्षानुवर्षे तात्पुरत्या खोल्यांत शिकत राहिली. शॅनन कूस्टाचिन ही त्यांतलीच एक विद्यार्थिनी. २००८ मध्ये तिने ओटावाला जाऊन संसदेसमोर नव्या शाळेची मागणी मांडली. पुढे माध्यमिक शिक्षणासाठी तिला घरापासून शेकडो किलोमीटर दूर राहावे लागले आणि २०१० मध्ये, अवघ्या पंधराव्या वर्षी, मोटार अपघातात तिचा मृत्यू झाला. तिच्या नावाने चाललेल्या मोहिमेनंतर २०१२ मध्ये कॅनडाच्या लोकसभागृहाने समान शिक्षणाचा ठराव एकमताने संमत केला आणि अटावापिस्कॅटची नवी शाळा २०१४ मध्ये उघडली. जी गोष्ट प्रांताच्या शाळेत बांधकाम खात्याच्या नस्तीवर मिटली असती, तिच्यासाठी इथे एका मुलीला देशाच्या राजधानीत उभे राहावे लागले, हे मला अधिक बोचते.

आता दुसरी बाजू. नोव्हा स्कोशिया प्रांतातील मिग्माव या आदिवासी समाजांनी १९९७ मध्ये केंद्र आणि प्रांत यांच्याशी करार केला आणि पाठोपाठ झालेल्या कायद्याने शिक्षणाचा अधिकार आपल्याकडे घेतला. निधी एकत्रित स्वरूपात आणि अनेक वर्षांच्या हमीने येऊ लागला. त्याचे वाटप, शिक्षकांची नेमणूक, मातृभाषेचे वर्ग, सगळे निर्णय समाजांची संयुक्त संस्था घेऊ लागली. तिथे माध्यमिक शिक्षण पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण देशातील इतर राखीव वस्त्यांच्या कितीतरी पुढे गेले. हे यश केवळ पैशाचे नाही, हे मान्य; पण पुढच्या तीन वर्षांत किती रक्कम येणार हे ठाऊक असल्याशिवाय कोणती शाळा शिक्षकाला कायम नेमणूक देऊ शकेल?

यश मोजण्याचा प्रश्नही याच हिशेबाचा भाग आहे. २०१८ मध्ये कॅनडाच्या महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की संबंधित खाते फक्त बारावीपर्यंत पोहोचलेल्या मुलांतून उत्तीर्णांचे प्रमाण काढत होते आणि ते ४६ टक्के येत होते. नववीपासून मोजले, म्हणजे मधल्या वर्षांत शाळा सोडलेल्यांना धरले, तर ते २४ टक्क्यांवर आले. गळालेली मुले मोजणीतूनच गळाली होती. २०१६ च्या अर्थसंकल्पाने निधी वाढवला होताच. २०१९ पासून प्रांतांच्या सूत्रांशी तुलना करून मूळ निधी ठरवण्याची आणि भाषा-संस्कृतीसाठी दर विद्यार्थ्यामागे वर्षाला १,५०० डॉलर स्वतंत्रपणे देण्याची पद्धत सुरू झाली. दिशा योग्य आहे. मात्र दुर्गम वस्तीतील लहान शाळेला प्रांताइतकीच रक्कम देणे म्हणजे समता नव्हे. तिथे इंधनापासून पुस्तकांपर्यंत सारे महाग पडते.

अमेरिकेतील अडचण वेगळ्या वाटेने येते. तिथे शाळा बऱ्याच अंशी स्थानिक मालमत्ता करावर चालतात आणि आदिवासींच्या राखीव जमिनींवर तो कर लावता येत नाही. ही तूट भरून काढण्यासाठी १९५० पासून केंद्राचे भरपाई अनुदान आहे, पण त्याची पूर्ण रक्कम १९६९ नंतर दिली गेलेली नाही. न्यूझीलंडमध्ये १९८२ पासून माओरी या मूळ रहिवाशांच्या कुटुंबांनी स्वतः उभारलेल्या भाषाघरट्यांचे, म्हणजे माओरी भाषेतूनच चालणाऱ्या बालवाड्यांचे, निराळेच झाले : माओरींचे सरकारविरुद्धचे दावे तपासणाऱ्या वायटांगी न्यायाधिकरणाने २०१२ मध्ये नोंदवले की सरकारच्या अनुदानाची रचना प्रमाणपत्रधारक शिक्षकांच्या बालवाड्यांना झुकते माप देत होती. ज्या आजीला भाषा येते तिच्याकडे प्रमाणपत्र नसते, एवढी साधी गोष्ट नियमांना ओळखता आली नव्हती.

आपल्याकडे आदिवासी उपयोजना, म्हणजे आदिवासींसाठी योजनेतून वेगळी काढलेली तरतूद, पाचव्या पंचवार्षिक योजनेपासून आहे आणि सुकथनकर समितीच्या शिफारशीनंतर महाराष्ट्राने लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे राज्य योजनेच्या ९ टक्के, तरतूद आदिवासी विकास विभागाच्या हाती एकवटली. देशातील ही चांगली सुरुवात होती. परंतु तरतूद होणे, ती वेळेवर वितरित होणे आणि मार्चअखेर ती न वापरल्यामुळे व्यपगत (रद्द) न होणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आश्रमशाळेतल्या मुलाला फक्त दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीचा अनुभव येतो. त्या मानाने २०१४ चा निर्णय मला धाडसी वाटतो : पेसा क्षेत्रातील, म्हणजे ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातील, ग्रामपंचायतींना उपयोजनेच्या ५ टक्के अबंध, म्हणजे ठरावीक कामाशी न बांधलेला, निधी थेट द्यायचा आणि तो कसा वापरायचा हे ग्रामसभेने ठरवायचे. शिक्षण हा त्यातला एक मान्य विषय आहे. ग्रामसभा तो शाळेवर किती आणि रस्त्यांवर किती खर्च करते, याची गावनिहाय माहिती सहज उपलब्ध करून दिली, तर पुढची चर्चा तक्रारींऐवजी आकड्यांवर करता येईल.

शेवटी उच्च शिक्षणाबद्दल थोडे. शाळा सुधारली की तिथून बाहेर पडणाऱ्यांची संख्या वाढते, आणि नेमकी तिथेच मर्यादित निधीची भिंत उभी असते. कॅनडात महाविद्यालयीन सहाय्याची ठरलेली रक्कम समाजांकडे येते आणि ती पुरत नाही म्हणून कोणाला यंदा पाठवायचे याची प्राधान्ययादी समाजांनाच करावी लागते. आपल्याकडे शिष्यवृत्ती उशिरा आली की महाविद्यालय शुल्कासाठी विद्यार्थ्याला अडवते. म्हणून माझी मागणी मोजकी आहे : मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता प्रवेशाच्या महिन्यात जमा व्हावा, निर्वाहभत्ता दरवर्षी महागाईशी जोडला जावा, आणि या दोन्हींची तरतूद किमान पाच वर्षांसाठी एकदाच मंजूर व्हावी.