जर्सीच्या आधी माउथगार्ड

नमस्कार श्रोतेहो.

सुगी आटोपली, जत्रांचे दिवस आले की आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात गावोगाव कबड्डीची मैदानं तयार होतात. तांबड्या मातीवर पाणी शिंपडायचं, रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेषा मारायच्या. रात्री दिवे लागतात, माइकवरून संघांची नावं पुकारली जातात आणि सगळा गाव मैदानाभोवती दाटीवाटीनं बसतो. मी शाळेत एकवीस वर्षं पीटी शिकवली. माझी मुलं अशा मैदानांवर खेळायची तेव्हा मी रेषेबाहेर उभा असायचो. त्यातल्या एका रात्रीबद्दल, खरं तर एका दाताबद्दल, आज बोलायचं आहे.

सतरा वर्षांचा पोरगा, आमच्या बचावात डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा. चढाईला आलेला समोरचा गडी बोनस गुण घेऊन मागं फिरला आणि यानं खाली झेपावून त्याचा घोटा धरला. पकड उत्तम होती. सुटण्यासाठी त्या गड्यानं पाय झटकला आणि टाच थेट याच्या तोंडावर बसली. ओठ फाटला. वरच्या पुढच्या दोन दातांपैकी एक मुळासकट निघून मातीत पडला. मी तो उचलला, नळाखाली धरून बोटांनी खसाखसा चोळला, रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. मग गाडी शोधली, मग शहर गाठलं. दंतवैद्यांपुढे रुमाल उलगडला तेव्हा दीड तास होऊन गेला होता.

डॉक्टर बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "सर, न चोळता दुधात घालून आणला असता तर बरं झालं असतं." तरीही त्यांनी दात जागेवर बसवला, शेजारच्या दातांना तारेनं बांधला. पण आत मूळ झिजत गेलं आणि तीन वर्षांत तो दात काढावा लागला.

यात त्या पोराची चूक नव्हती, पाय झटकणाऱ्या गड्याचीही नव्हती. चूक माझी होती. त्याच्या तोंडात माउथगार्ड असतं, तर त्या टाचेचा बराचसा मार त्यानं झेलला असता. मी ते कधी आणायलाच सांगितलं नव्हतं.

माउथगार्ड म्हणजे दातांवर बसणारं मऊ, रबरासारखं कवच. आपल्याकडे कोणी टीथगार्डही म्हणतात. बहुतेक वेळा ते वरच्या दातांवर बसवतात, कारण मार सर्वांत आधी तिथेच बसतो. ज्या मुलांचे वरचे दात थोडे पुढे असतात, त्यांना तर धोका जास्तच. फटका बसला की त्याचा जोर एका दातावर न पडता कवचभर पसरतो. हनुवटीला खालून दणका बसला, तर वरचे आणि खालचे दात एकमेकांवर आपटत नाहीत. ओठ आणि गाल आतून स्वतःच्याच दातांवर चिरले जातात, तेही वाचतं. मात्र हे घातलं की डोक्याला मुका मार लागणारच नाही, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. तशी खात्री देता येत नाही. दात, ओठ आणि हिरड्या राखणं हे याचं काम, आणि ते काही लहान काम नाही.

ही गोष्ट नवी नाही. १८९० च्या सुमारास लंडनमध्ये वुल्फ क्राउझ नावाच्या दंतवैद्यानं मुष्टियोद्ध्यांच्या वरच्या दातांवर गटापर्चाच्या, म्हणजे झाडाच्या चिकापासून बनणाऱ्या रबरासारख्या पदार्थाच्या, पट्ट्या बसवायला सुरुवात केली, तिथून याचा उगम सांगतात. अमेरिकेतला जो फुटबॉल असतो, चेंडू हातात घेऊन अंगावर धावून जाण्याचा, त्यात शाळकरी मुलांना १९६२ पासून माउथगार्ड सक्तीचं झालं. म्हणजे साठ वर्षं उलटून गेली. आपल्याकडे मात्र मुष्टियुद्ध शिकणारी पोरं सोडली तर बाकीच्यांनी ते जवळून पाहिलेलंही नसतं.

आणि आपला भाग तर खेळणाऱ्यांचा. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिकमध्ये हॉकीचं सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटील होते. हॉकीत पेनल्टी कॉर्नरला सुटलेला चेंडू काय वेगानं येतो, हे ज्यानं मैदानात उभं राहून पाहिलंय त्याला सांगायला नको. खो-खोत पोरी खांबाकडे सूर मारतात, तोंड खांबापासून वीतभर अंतरावर असतं. कुस्तीत डोक्याला डोकं भिडतं. तालमीत मोडलेला कान अभिमानानं मिरवतात, ते मी समजू शकतो. तुटलेल्या दाताचं तसं नसतं. तो पैलवान हसताना तोंडावर हात धरतो.

त्या रात्रीनंतर मी संघातल्या मुलामुलींना माउथगार्ड दाखवलं. पहिला प्रश्न एका मुलीनं विचारला, "सर, हे तोंडात घालून कबड्डी कबड्डी कसं म्हणायचं ओ?" प्रश्न अगदी रास्त होता. दम ऐकू आला नाही तर पंच चढाई थांबवणार. दुकानातलं तयार माउथगार्ड तसंच तोंडात टाकलं, तर जीभ अडकते, श्वास कोंडतो, ते जागेवर राहावं म्हणून दात आवळून धरावे लागतात. तसलं घेऊच नका. गरम पाण्यात मऊ करून आपल्या दातांचा ठसा घेता येतो, असं मिळतं. काही शे रुपयांत येतं. त्या मुलीच्या घरी, तिच्या आईच्या चुलीवर आम्ही ते बसवलं.

पाणी उकळून पातेलं खाली उतरवलं. पाकिटावर लिहिलंय तेवढेच सेकंद माउथगार्ड त्यात ठेवलं. चमच्यानं काढून क्षणभर गार पाण्यात बुडवलं, नाहीतर हिरडी भाजायची. मग आरशासमोर वरच्या दातांवर नीट मध्यभागी बसवलं, दात हलकेच मिटले, आतली हवा ओढून घेतली आणि बाहेरून बोटांनी ओठांवर दाब दिला. थोड्या वेळानं काढून गार पाण्यात टाकलं. पहिल्यांदा वाकडं बसलं, म्हणून पुन्हा पाणी तापवलं. दुसऱ्या खेपेला तिनं तोंड उघडलं, तरी ते खाली पडलं नाही. तेवढी एकच परीक्षा पुरे. मग ती अंगणात दोरीवरच्या कपड्यांखालून वाकून पळत सुटली, कबड्डी कबड्डी म्हणत. पहिले दोन दिवस शब्द जरा जाड येत होते. आठवड्यानं आवाजात फरक कळेना. सामन्याआधी पंचांना एकदा दाखवून घ्यावं, म्हणजे मैदानात वाद होत नाही.

दंतवैद्य दातांचा साचा घेऊन बनवून देतात, ते सर्वांत चांगलं. ते नेमकं बसतं, बोलायला सोपं जातं, पण महाग पडतं. बेळगावात दंत महाविद्यालयं आहेत, तिथे जाऊन चौकशी करा. दातांना तारा लावलेल्या मुलांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच काय ते घ्यावं. दुधाचे दात पडून नवे येत असतील, तर घेतलेलं माउथगार्ड थोड्याच महिन्यांत बसेनासं होतं, तेव्हा बदलावं लागतं. एकाचं दुसऱ्यानं घालायचं नाही, सख्खा भाऊ असला तरी. खेळून झालं की गार पाण्यानं धुवून, भोकं असलेल्या डबीत ठेवायचं. गाडीच्या डिकीत उन्हात राहिलं तर आकार बिघडतो.

पैशांचं म्हणाल, तर मला मंडळांना हक्कानं एक सांगायचं आहे. दरवर्षी नव्या जर्सी शिवता, पाठीवर नावं, पुढे देणगीदाराचा फोटो. एक वर्ष जुन्याच जर्सीवर खेळा आणि त्या पैशांतून सात गड्यांना आणि राखीव खेळाडूंनाही माउथगार्ड घ्या. देणगीदाराला समजावून सांगा, तो नाही म्हणणार नाही.

एवढं करूनही कधी दात निखळलाच, तर मी केलं ते करू नका. दात वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. मुळावर जिवंत पेशींचं पातळ आवरण असतं. दात पुन्हा रुजतो तो त्याच्या जोरावर, आणि मी चोळून काढलं होतं ते तेच. माती लागली असेल, तर गार दुधात किंवा गार पाण्याखाली काही सेकंद हलकेच धुवा. पक्का दात असेल आणि मूल शुद्धीत असेल, तर तिथल्या तिथे जागेवर बसवा, स्वच्छ रुमाल दातांत धरायला लावा आणि डॉक्टरांकडे निघा. ते धाडस होत नसेल, तर दात गार दुधात टाका. अर्ध्या तासात पोचलात तर उत्तम. कोरडा राहून तासभर उलटला, तर आशा फार कमी उरते. पडलेला दात दुधाचा असेल, तर तो परत बसवायचा नाही, मुलाला मात्र दाखवून आणायचं.

आपल्या गावांत दुधाला तोटा नाही. गेल्या हंगामात आमच्या गावच्या स्पर्धेत गुणलेखकाच्या टेबलाखाली बर्फाच्या डब्यात रोज संध्याकाळी दुधाची एक नवी पिशवी आणि झाकणाची स्वच्छ डबी ठेवली होती. पाच रात्री सामने चालले. पिशवी एकदाही उघडावी लागली नाही. शेवटच्या रात्री बक्षिसं वाटून झाल्यावर त्याच दुधाचा चहा केला, आणि तो मला फार गोड लागला.

नमस्कार.