पुड्यावर न छापलेला भाव

(दृश्य : नागपूरची इतवारी, किराणा बाजार. तोंड उघडी पोती, त्यांत खोचलेल्या भावाच्या पाट्या.)

तूरडाळ घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी मूठभर डाळ तळहातावर घेतं. एक दाणा दाताखाली फोडून पाहतं. मग विचारतं, "कशी लावली जी?" भाव कळला की पुढचा प्रश्न ठरलेला, "शिजते न लवकर?" आणि अलीकडे तिसराही, "पॉलिशची तर नाही न भाऊ?" दुकानदार तिन्ही उत्तरं न अडखळता देतो.

ही तूर कोणाच्या वावरातली आणि त्याच्या हातात तिचे किती पैसे पडले, हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलं तरी दुकानदाराला ठाऊक नसतं. त्याच्याकडे पोतं येतं दालमिलमधून, मिलला माल अडत्याकडून, आणि अडत्याला बरेचदा गावोगाव फिरणाऱ्या खेडा खरेदीवाल्याकडून. चार हात बदलले की शेतकऱ्याचं नाव गळून पडतं.

तरी पाटीवरच्या भावावरून थोडा हिशेब मांडता येतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये, म्हणजे किलोला ८०. एक क्विंटल तूर भरडली की डाळ निघते साधारण ७० ते ७५ किलो. बाकी चुनी (डाळीचा चुरा), टरफल आणि घट. म्हणजे एक किलो डाळीत नुसती तूरच १०७ ते ११४ रुपयांची गेली. चुनी विकून त्यातले थोडे परत येतात, पण भरडाई, बारदाना, गाडीभाडं, मिलवाल्याचं आणि दुकानदाराचं सुटणं, हे अजून धरलेलंच नाही. आता पाटीवर शंभराच्या आतला भाव दिसला, तर ती डाळ एक तर मोझांबिक-म्यानमारहून आलेल्या तुरीची असेल, नाहीतर इकडच्याच कोणाला तरी हमीभावही मिळालेला नसेल.

(दृश्य : धरमपेठ. काचेच्या बरण्या, कागदी पिशव्या, बांबूचे टूथब्रश.)

इतवारीहून ऑटोनं धरमपेठेत आलं की दुकानाचा थाट बदलतो. घाण्याचं तेल, काळा गूळ, हातसडीचा तांदूळ, भांडी घासायला रिठ्याचं पाणी. पुड्यांवर शब्द आहेत : सेंद्रिय, नैसर्गिक, रसायनमुक्त. चांगलेच शब्द आहेत ते. पण ते बोलतात खाणाऱ्याच्या पोटाबद्दल.

सेंद्रियचं प्रमाणपत्र सांगतं की वावरात काय टाकलेलं नाही. ते देणारी एखादी संस्था असते, किंवा पीजीएस, म्हणजे सहभागी हमी, पद्धतीत किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची तपासणी करून एकमेकांची हमी घेतो. ही दुसरी पद्धत आम्हाला जास्त पटते, कारण शेजाऱ्याच्या बांधावर कोणतं पोतं रिकामं झालं हे शेजाऱ्याइतकं कोणाला कळणार! पण दोन्हीकडे भावाचा रकाना नाही. २०० रुपये किलोची सेंद्रिय डाळ पिकवणाऱ्याला बाजारभावापेक्षा एक रुपयाही जास्त न देता विकता येते. कायद्यानं त्यात काहीच वावगं नाही. आपण मात्र दुप्पट पैसे मोजून, पुण्य घडल्याच्या समाधानात घरी येतो.

(दृश्य : कॉफीच्या पाकिटावरचं निळं-हिरवं चिन्ह, जवळून.)

भावाचा रकाना असलेलं एक चिन्ह आहे, फेअरट्रेड. १९८८ साली नेदरलँड्समध्ये मेक्सिकोच्या कॉफी उत्पादकांसाठी 'मॅक्स हॅवेलार' या नावानं असं पहिलं लेबल निघालं. पुढे वेगवेगळ्या देशांतली लेबलं १९९७ मध्ये एका छत्राखाली आली. पद्धत सरळ आहे. बहुतेक मालाला एक किमान भाव ठरतो, आणि बाजार त्याखाली कोसळला तरी खरेदीदाराला तेवढा द्यावाच लागतो. त्यावर अधिमूल्य म्हणून वेगळी रक्कम मिळते. ती कशावर खर्चायची, विहिरीवर की शाळेवर, हे उत्पादकांची संघटना ठरवते. आणि ज्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही ते कलम : उत्पादकांनी मागितलं तर खरेदीदारानं सौद्याच्या ६० टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ द्यायची. सावकाराचं दार ज्यानं ठोठावलंय त्याला या कलमाची किंमत सांगावी लागत नाही.

नागपुरात हे चिन्ह दिसतं ते तुरळक, महागड्या कॉफी-चॉकलेटवर. आपल्या रोजच्या वरण-भाताशी त्याची गाठ पडत नाही.

(दृश्य : वर्धा. मगन संग्रहालय, चरखा, ओटीत पेळू.)

पण हाच वाद नागपूरपासून ऐंशीएक किलोमीटरवर, या लेबलाच्या अर्धशतक आधी झालेला आहे. साल १९३५. गांधीजी तेव्हा वर्ध्याच्या मगनवाडीत राहत होते. खादी देशभर खपत होती, आणि ती स्वस्त राहावी म्हणून सूत कातणाऱ्या बायांच्या हातावर दिवसाला जेमतेम आण्याच्या आसपास टेकवलं जात होतं. गांधीजींना ते खुपलं. आठ तास काततील त्यांना आठ आणे मिळावेत, असं त्यांचं म्हणणं. कार्यकर्ते हादरले. खादी महागली तर घेणार कोण? गिऱ्हाईक तुटलं तर आहे ती मजुरीही जायची.

खळखळ बरीच झाली. शेवटी खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघानं वर्ध्यात ठराव केला : आठ तासांच्या कामाला निदान इतकी मजुरी मिळावी, की शास्त्रीय मापानं लागेल तेवढं अन्न आणि वर्षाला २० वार कापड कातणाऱ्याला घेता यावं. प्रत्यक्ष दर आठ आण्यांच्या बरेच खाली राहिले, तेही खरं. तरी हिशेबाची दिशा उलटली. आधी विक्रीची किंमत धरून तिच्यातून उरेल ती मजुरी, असं चालायचं. आता मजुरी आधी धरायची आणि किंमत तिच्यावरून काढायची. १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेलं मगन संग्रहालय आजही वर्ध्यात उभं आहे, आणि नैसर्गिक रंगांची खादी तिथे विकत मिळते.

कापसाचं निघालंच आहे तर टॉवेलचं बघा. ४०० ग्रॅमच्या सुती टॉवेलला रुई, घट सगळं धरून साधारण सव्वा ते दीड किलो कापूस लागतो, कारण शंभर किलो कापसातून रुई निघते ३४-३५ किलो आणि बाकी बहुतेक सरकी. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामासाठी क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे त्या टॉवेलमधला कापूस १०० ते १२२ रुपयांचा. शेतकऱ्याला दहा टक्के जास्त दिले, तर टॉवेलमागे वाढतात दहा-बारा रुपये. एवढ्यानं कोणाचं अंग ओलं राहणार नाही.

(दृश्य : उमरेड मार्ग, मग भिवापूर. मिरचीचा सातरा.)

नागपूरहून उमरेडमार्गे भिवापूर. इथल्या जाड सालीच्या लाल मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. तसं ते वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीलाही आहे. मानांकन माल कुठला ते सांगतं. तो कोणी खुडला, ते त्यात नसतं.

सातरा म्हणजे मिरच्यांचा लालभडक ढीग आणि त्याला लागून बसलेल्या बायांची रांग. नाकातोंडाला ओढणी किंवा पदर घट्ट गुंडाळलेला. एका हातात मिरची, दुसऱ्या हाताच्या नखानं देठ खुडायचा, मिरची एकीकडे, देठ दुसरीकडे. मजुरी किलोवर. वाळलेली मिरची वजनाला हलकी, त्यामुळे एक किलो भरायला किती वेळा बोटं चालत असतील, याचा अंदाज पुढच्या वेळी फोडणीला मिरची टाकताना घ्या. बोटांची आग रात्री भाकरी थापतानाही जात नाही. दुकानात तिखटाचा पुडा उचलताना आपण रंग पाहतो, वास घेतो. या बोटांची मजुरी त्या भावात किती, ते पुड्यावर कुठेच नाही.

(दृश्य : धानाच्या बांध्या. नागभीड तालुका.)

हाच रस्ता पुढे नागभीडकडे जातो. त्या तालुक्यातलं नांदेड हे गाव. मराठवाड्यातलं नव्हे, हे चंद्रपूर जिल्ह्यातलं. नागपूरकर ज्याला नुसतं 'एचएमटी' म्हणतात तो तांदूळ जन्मला तो इथे.

दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरीपर्यंत, शेती दीड एकर. १९८३ मध्ये त्यांना आपल्या बांधीत पटेल-३ धानामध्ये तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, जपून ठेवल्या, दरवर्षी पेरत आणि निवडत गेले. दाणा बारीक, भात मऊ, उतारा चांगला. बाजारात पोती आली तेव्हा वाणाला नावच नव्हतं. त्या काळी एचएमटीच्या घड्याळाची चलती होती, व्यापाऱ्यानं तेच नाव ठोकून दिलं. मग हा तांदूळ विदर्भात आणि विदर्भाबाहेरही पसरला. १९९८ मध्ये कृषी विद्यापीठानं त्याचं शुद्ध केलेलं वाण स्वतःच्या नावानं आणलं, आणि श्रेयाचा वाद पुढे अनेक वर्षं चालला. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते दादाजींचा सन्मान झाला. २०१० मध्ये फोर्ब्ससारख्या नियतकालिकानं त्यांची दखल घेतली. ३ जून २०१८ ला ते गेले, ते गरिबीतच.

आम्हाला ही गोष्ट हळवी करून सांगायची नाही, तशी ती पुष्कळदा सांगून झाली आहे. मुद्दा व्यवहाराचा आहे. हजारो पोती विकली गेली, प्रत्येक हातानं आपलं सुटणं काढून घेतलं, आणि किलोमागे एक पैसाही शोधणाऱ्याच्या घरी पोचवण्याची वाट या बाजारात नव्हती.

(दृश्य : मेंढा (लेखा), बांबूचं रान.)

वाट काढता येते, हे आणखी पुढे गडचिरोलीत दिसतं. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू तोडता येईना आणि विकताही येईना, कारण वाहतुकीचा परवाना देणं वनखात्याच्या हातात. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एक साधं पावतीपुस्तक, पण तेव्हापासून बांबूचा भाव गाव ठरवायला बसू लागलं. सुपं, टोपल्या, कुंचे, बांबूचे ब्रश घेताना बांबू कुठला, हे म्हणूनच विचारावं.

(दृश्य : नागपूर, एका इमारतीचं पार्किंग. पोती, तागडीऐवजी वजनकाटा.)

नागपुरात घरोघरी सालाचं धान्य भरायची रीत अजून टिकून आहे. तांदूळ, गहू, तूरडाळ, मिरची, हळद. उन्हं दाखवून, डाळीला एरंडेलाचा हात फिरवून डब्यात. हीच खरेदी दहा-बारा घरांनी मिळून थेट शेतकऱ्याकडून केली, तर फेअरट्रेडची बरीचशी कलमं लेबलाशिवाय पाळता येतात. माणसं शोधायला नागपुरात भरणारा बीजोत्सव, म्हणजे बियाण्यांचा मेळा, बरा. तिथे शेतकरी स्वतः उभा असतो.

बोलणी मात्र आधी आणि स्पष्ट व्हावीत. तूर जानेवारी-फेब्रुवारीत घरात येते, तेव्हा दिवाळीनंतरच भाव ठरवा, आणि थोडी रक्कम त्याच वेळी द्या. त्या दिवसांत पैशाची नड असते. बाजार चढला तर काय आणि पडला तर काय, ते कागदावर लिहा. एखाद्या वर्षी डाळ थोडी बारीक निघाली तर पोतं परत करायचं नाही, हेही लिहा. भरडाई कोणाकडे, गाडीभाडं कोणाकडे, आणि चौथ्या मजल्यावर पोती चढवणाऱ्या हमालाला किती द्यायचे, तेसुद्धा गाडी यायच्या आधी ठरवून ठेवा.