चौथ्या वर्षाचा एकच प्रश्न

श्रोतेहो, नमस्कार. बी.ए.ला समाजशास्त्र घेतलेले विद्यार्थी तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस मला एक प्रश्न आवर्जून विचारतात, आणि पुष्कळदा सोबत आलेले वडीलही तोच विचारतात: तीन वर्षांत पदवी हाती येत असताना ऑनर्ससाठी चौथे वर्ष का द्यायचे?

आधी नियम थोडक्यात सांगतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर आलेल्या राष्ट्रीय आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 श्रेयांक (क्रेडिट) लागतात, तर चार वर्षांच्या ऑनर्सला 160. पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के वा अधिक गुण असतील, तर ‘संशोधनासह ऑनर्स’ करता येते आणि त्यातले 12 श्रेयांक संशोधन प्रकल्पाचे असतात. पुढचे एम.ए. मग दोनऐवजी एका वर्षाचे होते. म्हणजे एकूण वर्षे पाचच राहतात, तेव्हा वर्ष वाचेल या समजुतीने कोणी येऊ नये. यावे ते त्या 12 श्रेयांकांसाठी, कारण इतरांनी लिहिलेले वाचून उत्तरे देण्याची सवय मोडून स्वतः प्रश्न विचारण्याची पहिली खरी संधी तिथे मिळते.

हा प्रश्न लहान असावा, असे माझे ठाम मत आहे. ‘ग्रामीण स्त्रियांची स्थिती’ हा विषय घेऊन येणारा विद्यार्थी वर्षभर ग्रंथालयात फिरत राहतो आणि शेवटी सर्वांना आधीच ठाऊक असलेले लिहितो. त्याऐवजी त्याने आपल्या तालुक्याच्या आठवडी बाजारात जावे. भाजी विकणाऱ्या बाईच्या पुढ्यात आता क्यूआर कोडचा पुठ्ठा असतो. पण त्यामागचे बँक खाते तिचे, नवऱ्याचे की मुलाचे? पूर्वी कनवटीला किंवा बटव्यात जाणारी रोकड दिवसभर तरी तिच्या हाती असायची. मोबाइलवरून येणारे पैसे दुसऱ्याच्या खात्यात जमा होत असतील, तर संध्याकाळी घरचा किराणा घेताना तिला कोणाला विचारावे लागते? एवढ्याशा प्रश्नात कुटुंब, बाजार, तंत्रज्ञान आणि सत्ता हे सगळे येऊन बसते, आणि तो तपासायला एस.टी.चे तिकीट व वही पुरते.

अर्थात तपासणे सोपे नाही. गर्दीच्या वेळी प्रश्न विचारू नयेत. दुपारी बाजार ओसरला की शेजारी बसावे. आपण कोण, कशासाठी आलो, आणि नको वाटल्यास तिने खुशाल नाही म्हणावे, हे आधी सांगावे. लिहिताना तिचे खरे नाव देऊ नये. मुलगा जवळ असताना ती ‘पैसे घरातच राहतात’ म्हणेल आणि तो चहाला गेल्यावर वेगळे काही सांगेल. यातले खरे कोणते, हे ठरवण्याची घाई न करता दोन्ही उत्तरे, आणि ती कोणासमोर दिली, हे त्याच रात्री टिपून ठेवावे.

विद्यार्थिदशेतल्या संशोधनाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. मुंबई विद्यापीठात 1919 साली पॅट्रिक गेडिस यांच्या नेतृत्वाखाली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि पुढे मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो दीर्घकाळ सांभाळला. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली इरावती कर्वे यांनी 1928 साली एम.ए. पूर्ण केले आणि प्रबंधासाठी चित्पावनांचा, म्हणजे स्वतःच्याच समाजाचा, अभ्यास केला. मला ही निवड धाडसाची वाटते. परक्या गावात आपल्याला सगळेच नवे दिसते. आपल्या माणसांबद्दल मात्र सारे माहीत आहे असे वाटून आपण विचारायचेच थांबतो. ज्या विद्यार्थिनीची आईच बाजारात बसते, तिने हा विषय टाळू नये, पण आईलाही तोच प्रश्न पहिल्यांदा भेटल्यासारखा विचारावा.

आठव्या सत्रात लेखन सुरू झाले की टिपणे आपल्या अपेक्षेशी जुळत नाहीत, असा अनुभव बहुतेकांना येतो. एखादी बाई सांगते की खाते मुलाचे आहे ते तिनेच ठरवले, कारण बँकेत जायला दिवस मोडला तर भाजी सुकते. अशा वेळी विद्यार्थी घाबरून ती मुलाखत वगळायला निघतो. ती वगळू नये. मार्गदर्शकांसमोर तीच आधी ठेवावी आणि पुढच्या बाजारच्या दिवशी तिच्याकडे पुन्हा जाऊन बसावे.