अंदाजे २५ ग्रॅम

नमस्कार. पुढे खुर्च्या रिकाम्या आहेत, मागे उभ्या राहू नका, या. निरोप दिला होता तेव्हा मी सांगितलं होतं की घरात दागिन्याच्या ऑर्डरची जुनी चिठ्ठी असेल तर येताना आणा. विषय तुम्हाला माहीत आहे: करायला टाकलेला दागिना मनासारखा झाला नाही तर काय करायचं. त्याकडे येतेच. पण आधी माझी चिठ्ठी वाचते. सहा वर्षं जपून ठेवली आहे.

‘ठुशी, १ नग, अंदाजे २५ ग्रॅम.’

संपली. एवढ्या एका ओळीवर मी माझ्या आईच्या पाटल्या देऊन आले होते.

लेकीचं लग्न ठरलं होतं. आईच्या दोन पाटल्या माझ्याकडे होत्या, वजन ४०.२ ग्रॅम. हिशेब सोपा केला होता. २५ ग्रॅमची ठुशी लेकीला, दहाची अंगठी जावयांना, उरतील ते पाच ग्रॅम घडणावळीत, म्हणजे घडवण्याच्या मजुरीत, वळते करायचे. दुकान सराफ बाजारातलं, आमच्या सासूबाईंपासूनचं. नाव घेणार नाही, घ्यायची गरजही नाही. गल्ल्यावरच्या काकांना म्हटलं, ‘काका, आईची होती ना, तशी ठुशी हवी.’ ते म्हणाले, ‘ताई, काळजीच करू नका.’ मी केली नाही.

आता आईची ठुशी कशी होती ते ऐका. बारीक मणी, तीन ओळी, इतके ठासून बसवलेले की दोन मण्यांत नख जाऊ नये. ठासून भरलेली म्हणूनच ठुशी म्हणायची, असं आई सांगायची. ती गळ्याशी वळून बसायची, मागे रेशमी गोंड्याची दोरी, ती ओढून घट्ट-सैल करता यायची. ती ठुशी मोठ्या बहिणीकडे गेली होती, पुण्याला. मी ती काकांना दाखवली नव्हती. फोटोसुद्धा नाही. ‘आईची होती ना तशी’ यातली आई त्यांनी पाहिलेली, ठुशी पाहिलेली नव्हती. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा पाटल्या आटवून त्यांची लगड झालेली होती.

लग्नाला आठ दिवस असताना डाग, म्हणजे तयार दागिना, हातात आला. मणी मोठे, पोकळ, मध्ये फटी. पट्टी ताठ. लेकीने घातली तर गळ्याला वळेचना, गळ्यापासून दूर उभी राहिली. आणि वजन ३१.४ ग्रॅम. लेक माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘छान आहे गं आई.’ पोरी असं का म्हणतात ते या खोलीतल्या प्रत्येकीला कळतं.

पुढचं ऐका, कारण माझं मन सगळ्यात जास्त तिथे दुखलं. अंगठीपुरतं सोनं उरलंच नाही. ४०.२ मधून ३१.४ गेले तर जवळजवळ नऊ ग्रॅम राहायला हवेत; मला सांगितलं सहा. पावणेतीन ग्रॅम कुठे गेले? मी तीन महिने त्या माणसाला मनात चोर म्हणत होते. देवळात समोर आले तर मान फिरवत होते. मग माझ्या भाच्याने, तो सोन्याची तपासणी करणाऱ्या केंद्रात काम करतो, कागदावर मांडून दाखवलं. जुना डाग आटवला की डाक, म्हणजे सांधे जोडायचा धातू, आणि मळ जातो, ४०.२ चे ३९.१ झाले. मग लगडीचा कस लावला, म्हणजे शुद्धता तपासली, ती निघाली ८८ टक्के. आपलं बावीस कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के. म्हणजे ३९.१ ग्रॅममध्ये शुद्ध सोनं ३४.४, आणि त्याचं बावीस कॅरेट होतं साधारण साडेसदतीस ग्रॅम. त्यातून ३१.४ वजा करा. सहाच उरतात. काकांनी एक गुंजही खाल्ली नव्हती.

पण हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं नाही. आटवताना समोर उभं केलं नाही, कसाचा कागद दिला नाही. मी विचारलं नाही. घरचे सराफ, त्यांना काय विचारायचं! तीन पिढ्यांचा घरोबा त्या न विचारलेल्या प्रश्नापायी तुटला, याचं मला आजही वाईट वाटतं.

आपण नाशिककर आहोत. गोदेला पूर आला की ‘अंदाजे किती पाणी?’ असं कुणी विचारतं का? नदीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, असं आपण सांगतो. सराफ बाजारातल्या दुकानांत पाणी शिरणार का, हे त्या मूर्तीकडे बघून कळतं. २ ऑगस्ट २०१६चा पूर आठवा, किती वाजता पाणी कुठवर होतं हे लोक अजून सांगतात. इतकं नेमकं मोजणारी माणसं आपण, आणि आयुष्यभराची पुंजी गल्ल्यावर ठेवून ‘अंदाजे’ लिहिलेली चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये टाकतो.

या विषयावर बोलताना मला नरहरी सोनारांची कथा सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्हाला ठाऊक आहे, तरी ऐका, आज वेगळ्या कानाने ऐका. पंढरपुरातले सोनार, कट्टर शिवभक्त. विठ्ठलाच्या देवळाची पायरी चढायची नाही असा नेम. एका सावकाराला नवसाने मुलगा झाला, त्याने विठ्ठलाला सोन्याचा करदोडा करायला टाकला. नरहरी म्हणाले, मी येणार नाही, तुम्ही कमरेचं माप आणून द्या. माप आलं, करदोडा घडला, देवाला घातला तर मोठा. परत आला, कमी केला, तर तोकडा. कारागीर तोच, हात तोच, सोनं तेच. शेवटी नरहरी डोळ्यांना पट्टी बांधून गाभाऱ्यात गेले. हाताला लागली शंकराची चिन्हं, पट्टी काढली तर समोर विठ्ठल. हरि-हर एकच, असा त्या कथेचा अर्थ कीर्तनात सांगतात आणि तो खराच आहे. मला त्यात अजून एक गोष्ट दिसते. तिसऱ्याच्या हातून आलेल्या मापावर नरहरींसारख्या सिद्धहस्त सोनारालाही दागिना बसवता आला नाही. त्यांना स्वतः कमरेला हात लावावा लागला.

आपल्याकडे तर मधे चार हात असतात. आपण गल्ल्यावर सांगतो, गल्ल्यावरचा माणूस वहीत लिहितो, वही कारखान्यात जाते, आणि घडवणारा कारागीर बहुतेक वेळा पश्चिम बंगालमधून आलेला. त्याच्या हाताला तोड नाही, पण ‘आईची होती तशी’ त्याच्यापर्यंत कशी पोहोचणार? त्याला मिळतं ‘ठुशी, १ नग’.

आयोजकांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतात. बरं, मग कामाचं भरभर सांगते, लिहून घ्या.

ऑर्डर देताना ‘सारखी’ हा शब्द वापरायचा नाही. जुना डाग असेल तर तोच न्या, नसेल तर फोटो न्या आणि त्यावर दुकानाची सही घ्या. चिठ्ठीवर कॅरेट, मण्याचा आकार, भरीव की पोकळ, आत लाखेचं भरण आहे का, लांबी, घडणावळ ग्रॅममागे की टक्क्यांत, तूट (आटवताना-घडवताना जाणारं सोनं) किती, आणि भाव आजचा की डाग घेताना असेल तो. वजन ‘अंदाजे’ लिहिलंच तर पुढे ‘जास्तीत जास्त एक ग्रॅम इकडे-तिकडे’ हे लिहून घ्या. खड्यांचं वजन सोन्यात धरायचं नाही. जुनं सोनं समोर आटवून घ्या आणि कसाचा कागद घ्या. जमलं तर आधी मेणाचा किंवा चांदीचा नमुना बघा.

डाग हातात आल्यावर दुकानातच अंगावर घाला, काट्यावर ठेवा. पटलं नाही तर तिथेच, त्याच दिवशी सांगा आणि चिठ्ठीच्या मागे लिहून घ्या. मी तीन महिन्यांनी गेले, तोवर ठुशी लग्नात घालून झाली होती. काका म्हणाले, ‘ताई, तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत.’ खरं होतं ते. नाराजी सांगताना आवाज चढवू नका; काय लिहिलं होतं आणि काय आलं, एवढं समोरासमोर ठेवा. दुरुस्ती, घडणावळीत सूट, नाहीतर घडणावळ न कापता बदलून देणं, यातलं काय हवं ते घरून ठरवून जा.

हॉलमार्कबद्दल, म्हणजे शुद्धतेच्या सरकारमान्य शिक्क्याबद्दल, सगळ्या विचारतात. १६ जून २०२१पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३पासून विक्रीच्या डागावर सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा स्वतंत्र क्रमांक, लागतो. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो टाकून बघा. कस कमी निघाला तर फरकाच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मिळण्याचा नियम आहे. पण हॉलमार्क शुद्धतेपुरताच बोलतो. माझ्या ठुशीवरही तो होता. मणी मोठे झाले, हे तो सांगत नाही. ते फक्त चिठ्ठी सांगते.

दुकान ऐकतच नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. तिथेही पहिला प्रश्न तोच येतो: लिहिलंय का?

माझी ठुशी? ती मोडली नाही. पुन्हा मोडायची तर पुन्हा घडणावळ, पुन्हा तूट. काकांनी मागची दोरी बदलून दिली, पट्टी थोडी सैल करून दिली, एक पैसा न घेता. आता ती जरा वळते. पाटल्या मात्र गेल्या.

दुसऱ्या रांगेतल्या ताई, तुमच्या हातातली गुलाबी पावती मला केव्हाची दिसते आहे. डाग कधी मिळणार आहे? गुरुवारी? मग वेळ आहे. या, पुढे या, मोठ्याने वाचा त्यावर काय लिहिलंय ते.