अगं, त्याची तब्येत बरी नव्हती

(नौपाड्यातल्या एका पालकसभेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पुढच्या दोन रांगा रिकाम्या आहेत, पण मी कोणाला पुढे या म्हणणार नाही. एकतीस वर्षं वर्गावर उभा राहिलोय. मागच्या बाकावर बसणाऱ्यांची कारणं मला ठाऊक असतात. आज तर नक्कीच. ज्यांच्या घरी जेईईचा, म्हणजे आयआयटीच्या प्रवेश परीक्षेचा, मनासारखा निकाल लागला, ते इथे आलेले नाहीत. ते पेढे वाटतायत. वाटू देत, चांगलंच आहे.

मी फिजिक्स शिकवायचो. सकाळी ज्युनिअर कॉलेजात, संध्याकाळी क्लासमध्ये. त्यामुळे आज मी ज्या ज्या गोष्टींवर बोट ठेवणार आहे, त्यातल्या बऱ्याच मी स्वतः केलेल्या आहेत. चौकात ते फ्लेक्स लागतात ना, मुलांचे फोटो, रँक, खाली ‘हार्दिक अभिनंदन’, त्यांची प्रुफं मी तपासलेली आहेत. एका वर्षी एका मुलाच्या रँकला छपाईत एक शून्य जास्त पडलं. त्याचे वडील रात्री अकराला माझ्या दारात. नवा फ्लेक्स लागेपर्यंत ते गृहस्थ चौकातून हलले नाहीत. मला तेव्हा हसू आलं होतं. पण आमच्याच वर्गातली, फ्लेक्सवर फोटो नसलेली मुलं रोज त्याच चौकातून स्टेशनला जात होती, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. ते फार उशिरा आलं.

आपल्या ठाणेकरांचं आणखी एक दुखणं आहे. पवईची आयआयटी आपल्याला फार जवळ आहे. लातूरच्या मुलासाठी पवई हे लांबचं गाव. आपली मुलं कांजूरमार्गला उतरतात आणि रिक्षा करतात. आठवी-नववीत तिथल्या टेकफेस्टला, म्हणजे तंत्रज्ञानाच्या महोत्सवाला, जाऊन आलेली असतात, गेटपाशी फोटो काढलेला असतो, तो घरी कपाटावर चिकटवलेला असतो. एका आईने मला विचारलं होतं, “सर, निकाल असा लागला, आता तो फोटो काढून टाकू का?” मी म्हटलं, तुम्ही हात लावू नका. ज्याने लावला तोच काढेल. त्याने चार महिने काढला नाही. मग एक दिवस त्याच्यावर गिटारच्या कॉर्ड्सचा कागद चिकटवला. फोटो अजून खाली आहे म्हणे.

आता थोडं गणित, कारण ते केल्याशिवाय आपण नेमके कशावर रडतोय ते कळत नाही. २०२५चे आकडे घ्या. जेईई मेनला, म्हणजे पहिल्या परीक्षेला, बसलेली मुलं पावणेपंधरा लाखांच्या आसपास. त्यातल्या वरच्या अडीच लाखांना ॲडव्हान्स्ड, म्हणजे आयआयटीसाठीची दुसरी परीक्षा, देता येते. दोन्ही पेपर दिले १,८०,४२२ जणांनी. पात्र ठरले ५४,३७८. आणि तेवीस आयआयटींत मिळून जागा १८,१६०. म्हणजे पात्र ठरलेल्या तिघांतल्या दोघांना जागा नाहीच. मुलगा पास झालाय आणि त्याला जागा नाही, असा हा प्रकार. तो नापास नाही, पण घरात वातावरण नापासाचं असतं.

आणि ते पर्सेंटाइल! गावाला आजीला फोन केला, ‘अठ्ठ्याण्णव आले’. आजी म्हणते, “अरे मग रडतोस कशाला?” आजीचं चुकत नाही. तिच्या हिशेबात अठ्ठ्याण्णव म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव. पण इथे त्याचा अर्थ शंभरातले अठ्ठ्याण्णव जण तुझ्याबरोबर किंवा तुझ्यामागे. उरलेले दोन पुढे. पावणेपंधरा लाखांत ते दोन टक्के म्हणजे साडेएकोणतीस हजार माणसं. एका आकड्यात कौतुकही आहे आणि नकारही आहे. सतरा वर्षांच्या मुलाला आजीचं कौतुक आणि संगणकाचा नकार एकाच दुपारी ऐकावा लागतो. त्याने कोणता चेहरा करायचा?

मला आज खरं तर एवढंच सांगायचंय की निकालाच्या दिवशी घरात दोन वेगळ्या गोष्टी शिरतात. एक दुःख आणि दुसरी लाज. आपण दोन्हींना ‘निराशा’ म्हणून मोकळे होतो. दुःख मुलाचं असतं. दोन वर्षं सकाळी सहाला उठून केलेल्या कामाचं ते दुःख आहे, ते व्हायलाच हवं, आणि त्याला त्याचा वेग असतो. पोरगं दोन दिवस खोलीत पडून राहतं, तिसऱ्या दिवशी फ्रीज उघडून ‘काही आहे का’ विचारतं. फ्रीज उघडला की समजावं, गाडी रुळावर येतेय. लाज मात्र मुलाची नसते. ती आपण मोठी माणसं बाहेरून घरात आणतो. सोसायटीच्या ग्रुपवरून, ऑफिसातून, लग्नाच्या हॉलमधून. आणि आणल्यावर ठेवायची कुठे? तर पोराच्या खोलीत.

हे मला कसं कळलं ते सांगतो. दुसऱ्या कोणाची गोष्ट नाही, माझ्याच घरातली आहे.

२००९ साल. माझा मुलगा जेईईला बसला होता. तेव्हा मेन-ॲडव्हान्स्ड असं नव्हतं, एकच परीक्षा. फिजिक्सच्या मास्तरचा मुलगा, त्यामुळे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. निकालाच्या दिवशी सकाळी त्याने नंबर टाकला, रँक नव्हती. तो उठला, बाथरूममध्ये गेला, नळ सोडला. आम्ही दोघं हॉलमध्ये. तेवढ्यात फोन वाजला. लँडलाइन. डोंबिवलीहून माझी मोठी बहीण. मी फोन उचलला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “अगं ताई, थोडक्यात गेलं बघ. पेपरच्या दिवशी त्याची तब्येत बरी नव्हती.”

त्याची तब्येत ठणठणीत होती. पेपरच्या दिवशी त्याने तीन पोळ्या खाल्ल्या होत्या.

मी फोन ठेवला आणि पाहिलं तर नळ बंद झालेला. तो टॉवेल घेऊन दारात उभा. काही बोलला नाही. मीही नाही. त्या दिवसात मी ते वाक्य आणखी पाच-सहा फोनवर वापरलं, आणि दरवेळी थोडं सुधारून. शेवटच्या फोनपर्यंत त्याला १०२ ताप आला होता.

आठ-नऊ वर्षांनी, त्याच्या लग्नाच्या खरेदीला आम्ही राम मारुती रोडला गेलो होतो. दुकानात बायका साड्या बघतायत, आम्ही दोघं बाहेर उसाचा रस पीत उभे. आणि हा अचानक म्हणाला, “बाबा, निकालाचं मला तेव्हा फार वाटलं, पण ते गेलं. तुम्ही आत्याला मी आजारी होतो म्हणून सांगितलंत ना, ते नाही गेलं. मला वाटलं, मी जसा आहे तसा सांगण्यासारखा नाही.”

रसाचा ग्लास हातात होता, तो संपेपर्यंत मला काही सुचलं नाही.

माझा मुलगा पुढे काय झाला, कुठे लागला, हे मी मुद्दाम सांगत नाहीये. सांगितलं की तुम्ही लगेच हिशोब मांडणार, ‘म्हणजे शेवटी चांगलंच झालं ना!’ त्या दिवशी दारात उभ्या असलेल्या मुलाला हा हिशोब कामाचा नव्हता. तीच गत ‘अमका तर दहावी नापास होता, आज बघ कुठे आहे’ या वाक्याची. ते वाक्य कृपा करून निकालानंतर महिनाभर तरी घरात बोलू नका. पोराला त्यातून एवढंच ऐकू येतं की आता याची भरपाई म्हणून कोणीतरी मोठं व्हावं लागणार.

मग फोनवर काय सांगायचं? जे आहे ते. “रँक मागे आली, पवई होणार नाही. त्याला वाईट वाटतंय. आम्ही पुढचे फॉर्म बघतोय.” संपलं. पोराला ऐकू गेलं तरी चालेल असं बोला. आणि फोन तुम्ही उचला. निकालाच्या दिवशी मुलाच्या हातात फोन देऊन ‘मामाशी बोल’ म्हणू नका. मामा कुठे पळून जात नाही.

आता फॉर्मचं. या बाबतीत व्यवस्था फार निर्दय आहे. २०२५ला ॲडव्हान्स्डचा निकाल २ जूनला लागला आणि ३ जूनपासून जोसाची, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या जागा वाटणाऱ्या यंत्रणेची, नोंदणी सुरू. म्हणजे रडायला एक रात्र. पुढे सहा फेऱ्या. दर फेरीत ठरवायचं, फ्रीझ, फ्लोट की स्लाइड. फ्रीझ म्हणजे मिळालं ते घेतलं, आता पुढचं बघायचं नाही. फ्लोट म्हणजे हे हातात धरून ठेवतो, वरच्या पसंतीचं काही मिळालं तर ते द्या. स्लाइड म्हणजे कॉलेज हेच, शाखा वरची मिळाली तर हवी. ज्या घरात सुतकासारखं वातावरण आहे तिथे ही बटणं चुकतात. कोणी रागाने फ्रीझ करून टाकतं, कोणी फी भरायची तारीख विसरतं. आणि हे चालू असताना तिकडे राज्यातल्या कॉलेजांसाठी सीईटी सेलची कॅप प्रवेशफेरी वेगळीच.

म्हणून कामं वाटून घ्या. डोमिसाइल, नॉन-क्रीमी लेयर, जात वैधता, फोटो, झेरॉक्स, हे सगळं वडिलांकडे. रुसून गॅलरीत उभं राहण्यापेक्षा झेरॉक्सच्या रांगेत उभं राहिलेलं बरं. पसंतीक्रम मात्र मुलाचा. तिथे आपलं बोट माउसवर नको. इंजिनिअरिंगचीच कॉलेजं बघा: मुंबईची व्हीजेटीआय १८८७ची आहे, पुण्याचं सीओईपी १८५४चं, आणि पहिली आयआयटी, खरगपूरची, १९५१ची. हे मुलांसाठी सांगत नाही, मुलं असल्या सांत्वनाला फसत नाहीत. हे वडिलांसाठी.

ड्रॉप घ्यायचा का, म्हणजे वर्षभर थांबून परीक्षा पुन्हा द्यायची का, हे मला दरवर्षी विचारतात. ॲडव्हान्स्ड लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच देता येते. ५ नोव्हेंबर २०२४ला तीन वेळा देता येईल असं जाहीर झालं आणि १८ नोव्हेंबरला ते मागे घेतलं. तेरा दिवसांत किती घरांत बेत बदलले असतील, कल्पना करा. माझं मत सांगतो: ड्रॉपचा विषय मुलाने काढला तरच बोला, आणि तोही निकालाच्या आठवड्यात नको. त्या आठवड्यात मूल ड्रॉप मागतं तेव्हा बहुतेकदा त्याला परीक्षा परत द्यायची नसते, निकाल परत हवा असतो.

नाव मोठं नसलेल्या कॉलेजात गेल्यावर आयुष्याचं काय होतं, यावर अमेरिकेत स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर यांचा एक अभ्यास आहे, २००२ साली प्रसिद्ध झालेला. १९७६मध्ये कॉलेजात गेलेल्यांची पुढची कमाई त्यांनी तपासली. ज्यांना सारख्याच तोडीच्या कॉलेजांनी प्रवेश देऊ केला होता अशांची तुलना केली, तर जास्त निवडक कॉलेजात गेलेले आणि कमी निवडक कॉलेजात गेलेले, यांच्या कमाईत फारसा फरक नव्हता. अपवाद होता गरीब घरच्या मुलांचा. त्यांना मोठ्या कॉलेजाचा खरोखर फायदा झाला. हा अपवाद मी मुद्दाम सांगतो, कारण नावात काय आहे, हे ज्यांच्या ओळखीपाळखी आहेत त्यांनी म्हणायला ठीक आहे. लोकमान्यनगरच्या चाळीतून येऊन माझ्या वर्गात बसणाऱ्या मुलीला मी ते सांगू शकत नाही. तिचं काहीतरी खरंच हुकलेलं असतं, आणि ते मान्य करणं हा पहिला मान आहे.

एक गोष्ट मात्र हळू बोलण्यासारखी नाही. दोन-तीन आठवडे झाले, झोप नाही, जेवण नाही, मित्रांशी बोलणं नाही, ‘मी नसतो तर बरं झालं असतं’ असं काही तोंडून आलं, तर त्याला एकटं सोडू नका. सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने विचार डोक्यात घातला जात नाही. सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन आहे, १४४१६. आणि डॉक्टरांकडे न्या. आपल्या गावाचं नाव घेऊन सगळा महाराष्ट्र वर्षानुवर्षं विनोद करत आलाय, ‘याला ठाण्याला पाठवा’. १९०१पासूनचं मनोरुग्णालय आपल्याकडे. पण याच गावात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९०मध्ये आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि माणसं साध्या पायऱ्या चढून बोलायला जायला लागली. लोक काय म्हणतील म्हणून जायचं थांबत असाल, तर ती पुन्हा तीच लाज. फोनवरच्या तापासारखी.

शेवटचं सांगतो आणि बसतो. या वर्षी वर्तकनगरच्या एका मुलीचा निकालाच्या दिवशी मेसेज आला: “सर, आज कोणाशी बोलत नाही. परवा येते.” परवा आली. डोळे सुजलेले. आम्ही मामलेदारकडे मिसळ खाल्ली, तिने तिखट मागवली आणि नाक पुसत खाल्ली. निकालाबद्दल एक शब्द नाही. घरी येऊन तिने यादी उघडली. ॲडव्हान्स्ड गेली होती, मेनच्या रँकवर होम स्टेटमधून, म्हणजे आपल्या राज्यातल्या मुलांसाठीच्या जागांतून, नागपूरचं व्हीएनआयटी हे इंजिनिअरिंग कॉलेज येईल असं दिसत होतं. आवडती शाखा नव्हे, पण चालेल अशी. तासभर तिने पसंतीक्रम वर-खाली केला. तिचे वडील सोबत होते. एकदाही बोलले नाहीत, मी त्यांना मनात शंभर गुण दिले. मग लॅपटॉप मिटून ती म्हणाली, “सर, नागपूरला हॉस्टेलवर कूलर स्वतःचा न्यावा लागतो का?”

मला माहीत नव्हतं. विचारून सांगतो म्हटलंय. तुमच्यापैकी कोणाचं मूल तिकडे असेल तर चहा घेताना मला जरा भेटा.